दोघांपुरता अंक

"गाडी घेतलास, बरं झालं. नंबर कुठला घेतलास?" बेळगावच्या खडेबाजारात असो की खानापूरच्या बसस्टँडवर, नव्या गाडीचे पेढे वाटताना हा प्रश्न ठरलेला. पूर्वी त्याचं उत्तर 'आला तो घेतला' एवढंच असायचं. आता मुलाचं लग्न ठरलं, मुलीला पहिली नोकरी लागली, बापाची साठी झाली, की घरातलं कोणीतरी गाडीचा चॉईस नंबर भेट म्हणून देतं. गाडीचे हप्ते ज्याचे तो भरतो, नंबराचे पैसे मामा नाहीतर मोठा भाऊ देतो. या प्रथेवर आमच्याकडे हिरिरीने वाद चालतो आणि तो दोन्ही बाजूंनी भलत्याच जागी चालतो, असं माझं मत आहे. एक बाजू म्हणते, चार आकड्यांसाठी हजारो रुपये म्हणजे उधळपट्टी. दुसरी म्हणते, हौसेला मोल नसतं. मग त्यात सीमाभागाचं दुखणं मिसळतं: घ्यायचाच तर कोल्हापूरचा एमएच ०९ घ्या, बेळगावच्या केए २२ च्या पाटीवर कशाला पैसे घालता, निदान आकडे तरी मराठीत लिहा. अशा वेळी गाडीवरची पाटी कोणी वाचायची असते, याचा विचार बाजूलाच राहतो.

माझं म्हणणं आधी सांगून टाकतो. नंबर भेट देण्यात मला काहीही गैर दिसत नाही. ती चांगली भेट आहे, आणि पुढे सांगेन त्याप्रमाणे मी स्वतः ती दिली आहे. मात्र त्या अंकाचा अर्थ देणारा आणि घेणारा या दोघांत राहतो तोवरच ती भेट असते. तो अर्थ रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला दाखवायचा म्हणून आकड्यांना वळण दिलं, लिपी बदलली, दुसऱ्या राज्याची अक्षरं मिळवली, की त्या पाटीचा फलक होतो. फलकांवरून आणि पाट्यांवरून डोकी फुटलेल्या या जिल्ह्यात माझ्या घरातल्या मुलाच्या गाडीवर आणखी एक फलक लागावा, हे मला नको आहे.

नंबर भेट देण्याची चाल इंग्लंडात मुरलेली आहे. तिथे मोटारींना नंबर लावण्याचा कायदा १९०३ चा, अंमल १ जानेवारी १९०४ पासून. 'ए १' हा नंबर मिळावा म्हणून अर्ल रसेल रात्रभर रांगेत उभे राहिले असं सांगतात. म्हणजे नंबराची हौस नंबराइतकीच जुनी आहे. १९८९ पासून तिथलं सरकार स्वतःच असे नंबर विकतं. विकत घेणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं आणि नंबर ज्याला द्यायचा त्याचं नाव त्यावर घालता येतं. ते प्रमाणपत्र पाकिटात घालून वाढदिवसाला हातात ठेवायचं, गाडी पुढे कधीतरी घेतली तरी चालते, कारण ते दहा वर्षं टिकतं. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे नंबर गाडीला मिळतो आणि गाडी मालकाच्या नावावर असते. पसंतीच्या नंबरासाठी अर्ज करायचा, फी भरायची, मागणारे जास्त असतील तर बोली लावायची. 'भेट' म्हणजे हे पैसे दुसऱ्याने भरणं. महाराष्ट्राने २०२४ च्या ऑगस्टमध्ये दर वाढवताना असा नंबर पती, पत्नी, मुलगा, मुलगी यांच्या नावावर करून देण्याची सोय केली, तेव्हा नंबर घरात वारशासारखा फिरू शकतो ही गोष्ट सरकारनेही मान्य केली म्हणायची. एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे: नंबर तुमच्या मालकीचा कधीच होत नाही. तो सरकारी नोंदीचा भाग असतो, तुम्हाला तो वापरायला मिळतो.

मग जे आपलं नाही ते भेट कसं देणार? हा आक्षेप मला एका शिक्षकमित्राने घेतला होता आणि तो वरवर बिनतोड वाटतो. पण बारशाला आत्या काय देते? बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते. ते नाव आत्याच्या मालकीचं नसतं, गावात त्याच नावाची पन्नास माणसं असतात. तरीही ते आत्याने ठेवलेलं नाव असतं आणि माणूस म्हातारा झाला तरी ते सांगितलं जातं. निवडून देणं हेच देणं. नंबराचंही तसंच.

पैशाचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही, कारण तो खरा आहे. २०२२ मध्ये चंदीगडला एका गृहस्थांनी सुमारे ७१ हजारांच्या स्कूटरसाठी ०००१ हा नंबर १५ लाख ४४ हजारांना घेतला. २०२५ च्या एप्रिलमध्ये केरळात ०००७ साठी जवळजवळ ४६ लाखांची बोली गेली. हिमाचलात २०२३ मध्ये एका दुचाकीच्या नंबरावर १ कोटी १२ लाखांची बोली लागली आणि पैसे भरायच्या वेळी बोली लावणाराच मागे हटला. हे वाचून बेळगाव-खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेच्या गळक्या कौलांकडे बघणाऱ्या माणसाचा जीव तुटला तर त्याला बरोबर नाही कोण म्हणेल? पटसंख्या घटतेय, वर्ग एकत्र बसवले जातायत आणि आमची पोरं आकड्यांवर पैसे घालतायत, ही तक्रार मी मान खाली घालून ऐकतो. पण हाच न्याय लावायचा तर लग्नातल्या बँडबाजाचं, डॉल्बीचं, पाचशे पानांच्या पंगतीचं काय? त्या खर्चातलं सार्वजनिक खात्यात फारसं काही जात नाही. नंबराची फी उघडपणे, पावतीने, सरकारी तिजोरीत जाते. 'कर्नाटकाच्या तिजोरीत कशाला?' असं कोणी म्हणतं. चारचाकी घेताना तिच्या किमतीच्या १३ ते १८ टक्के आजीवन कर याच तिजोरीत भरतो ना आपण? त्याच रस्त्यांवरून चालतो ना? जिथे कर भरतो तिथे हक्क मागायचा, हेच तर आपलं म्हणणं आहे. सरकारी कागद आम्हाला मराठीत द्या, असं आपण याच सरकारला करदाते म्हणून सांगतो. दुबईत २०२३ मध्ये 'पी ७' या नंबराला साडेपाच कोटी दिरहम आले आणि ते अन्नदानाच्या मोहिमेला गेले. आपल्या मंडळांनी आणि शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनी नंबर घेणाऱ्याला एक प्रेमाचा नियम घालून द्यावा: जेवढी फी तेवढीच रक्कम गावच्या शाळेला. हे जमण्यासारखं आहे. भांडण्यापेक्षा सोपंही.

याहून भारी आक्षेप सत्तेचा आहे. ०००१ ची गाडी चेकनाक्यावर आली की शिपायाचा हात आपोआप खाली जातो. अशा गाडीत कोण बसलंय हे विचारायची गरज लागू नये म्हणूनच तो नंबर घेतलेला असतो, आणि तो पोराला भेट देणारा बाप पोराला अंक नव्हे, अंकामागची मुभा देत असतो. इथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. आपल्या भागाला याचा इतिहास आहे. कोल्हापूर, सांगली, जमखंडी, रामदुर्ग, सावंतवाडी अशा संस्थानांनी वेढलेला हा मुलूख. विलीनीकरणानंतरही संस्थानिकांच्या गाड्यांना लाल पाट्यांचा मान राहिला होता. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे आणि मानमरातब गेले. मंत्र्यांच्या गाडीवरचा लाल दिवा उतरायला १ मे २०१७ उजाडावा लागला. राष्ट्रपतींच्या गाडीवरसुद्धा नुसती राजमुद्रा नको, नंबर दिसला पाहिजे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. हा सगळा प्रवास एका दिशेचा आहे: गाडीने माणसाची पायरी सांगू नये. म्हणून एक आकडी आणि चार सारख्या आकड्यांचे नंबर जितके महाग होतील तितके होऊ देत, माझी हरकत नाही. वशिल्याने मिळण्यापेक्षा बोलीने मिळालेले बरे. पण ते भेट म्हणून कोणी आणले तर घेऊ नयेत असं मी माझ्या घरात सांगतो. अंकशास्त्राबद्दल, बेरीज नऊ आली पाहिजे आणि आठ नको याबद्दल, मला वाद घालायचा नाही; ज्याची त्याची श्रद्धा.

आता आपल्या गळ्याशी आलेला प्रश्न. पाटी मराठीत का नको? हा मुद्दा मांडणाऱ्या पोरांची कळकळ मला ठाऊक आहे, कारण ती माझीही आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला. आयोग आला, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, २०१४ मध्ये शहराचं सरकारी नाव बदललं, २०२४ च्या कायद्याने दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड सक्तीचं झालं. एकेक फलक हातातून जातो तेव्हा माणूस म्हणतो, माझ्या गाडीची पाटी तरी माझी राहू दे. हे मी समजू शकतो. तरी मला ते पटत नाही, आणि घाबरून पटत नाही असं नाही. मोटार वाहन नियम १९८९ चे, केंद्राचे. नंबराची अक्षरं रोमन आणि आकडे इंग्रजी वळणाचे, हे त्यात संपूर्ण देशासाठी लिहिलेलं आहे. कन्नड आकड्यांची पाटी लावणारा धारवाडचा माणूसही तो नियम मोडतो. देवनागरी पाटी कोल्हापुरातही नियमात बसत नाही, मुंबईतही नाही. म्हणजे ही मराठीवर लादलेली सक्ती नव्हे. जिथे आपल्यावरच अन्याय होतो तिथे भांडायला आपल्याकडे कमी जागा आहेत का? उताऱ्याची, मतदारयादीची, ग्रामपंचायतीच्या नोटिसांची, बसवरच्या पाटीची भाषा आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी घटनेतली ३५० अ आणि ३५० ब ही कलमं आहेत. तिथे आपली बाजू पक्की आहे. पाटीवरच्या आकड्यांसाठी पाचशे रुपये दंड भरून आपण ती पक्की बाजू कच्ची करतो, आणि 'यांना नियमच नको असतात' असं म्हणायला समोरच्याला आयती संधी देतो.

दुसरी चाल एमएच ०९ ची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पाहुण्याच्या पत्त्यावर गाडी घ्यायची, कागलची कमान ओलांडून आणायची आणि पोराला सांगायचं, घे, महाराष्ट्राची गाडी. मी अशा भेटी पाहिल्या आहेत आणि त्या देणाऱ्यांचे डोळे पाणावलेले पाहिले आहेत. त्या पाण्याचा मी अपमान करणार नाही. पण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर तिथे नवी नोंद करावी लागते, असं मोटार वाहन कायद्याचं ४७ वं कलम सांगतं. पत्ता खोटा, वास्तव्य खोटं, म्हणजे पोराला पहिल्याच दिवशी एक लपवाछपवी भेट दिली. पुढे अपघात झाला, विम्याची कागदपत्रं बाहेर आली, की त्या पाण्याचं मोल कोण करणार?

आणि यापेक्षा मोठी गोष्ट आपण डोळ्यांनी पाहिली आहे. ६ डिसेंबर २०२२. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या पाटीच्या ट्रकांवर दगड पडले. त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं गेलं. दगड उचलणाऱ्याने काय पाहिलं? पाटीवरची पहिली दोन अक्षरं. आत बसलेल्या ड्रायव्हरची भाषा कोणती, त्याचं घर कुठे, कशाचीही त्याला गरज नव्हती. त्या दोन अक्षरांत त्याला अख्खं राज्य दिसलं. आता आपला विचार करा. बेळगावचा मराठी माणूस केए २२ घेऊन कोल्हापूरला अंबाबाईला जातो तेव्हा तिथल्या पार्किंगवाल्याला तो कर्नाटकवाला दिसतो. तोच एमएच ०९ घेऊन हुबळीला गेला तर तिथे महाराष्ट्रवाला. दोन्हीकडे पाटी त्याच्याबद्दल खोटं सांगते, कारण तो जो आहे, म्हणजे कर्नाटकात कर भरणारा मराठी माणूस, ते सांगायला पाटीवर जागाच नाही. असू नये. २०२५ च्या फेब्रुवारीत एसटीच्या ड्रायव्हरला काळं फासलं गेलं आणि दोन्ही राज्यांच्या बसफेऱ्या थांबल्या. निपाणीहून कोल्हापूरच्या दवाखान्यात जाणाऱ्यांचे, संकेश्वरहून गडहिंग्लजला कॉलेजला जाणाऱ्यांचे हाल झाले. पाटीला आपण जितका अर्थ चिकटवू तितका तो दगड मारणाऱ्याच्या उपयोगाचा ठरतो. आपण म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना रोज ये-जा करणारी माणसं. पाटी मुकी राहण्यात सगळ्यात जास्त हित आपलंच आहे.

राहिली रेडियमवाल्याची कलाकुसर. २१४ ला 'राम' करायचं, ४१४१ ला 'पापा', ८०५५ ला 'बॉस'. आहेराच्या स्टीलच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव घालायची आपली रीत आहे, मग भेटीच्या नंबरावर प्रेम दिसलं तर बिघडलं कुठे, असं एका दुकानदाराने मला विचारलं. भांडं आपल्या मांडणीवर राहतं, घरच्यांनाच दिसतं. पाटी बनवली जाते ती घरच्यांव्यतिरिक्त सगळ्यांसाठी. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींना अनगोळच्या रस्त्यावर संध्याकाळी एका मोटरसायकलने उडवलं. पाहणारा पोरगा चुणचुणीत होता, त्याने पाटी वाचली होती. पण त्याला एवढंच आठवलं की तिच्यावर 'पापा' लिहिलं होतं. मालिकेची अक्षरं कोपऱ्यात बारीक, ती दिसलीच नाहीत. असा अंक किती मालिकांत, किती गाड्यांवर असेल! वहिनींच्या पायात रॉड आहे, तो मोटरसायकलवाला आजवर सापडलेला नाही. कोणीतरी बापाला प्रेमाने दिलेली ती भेट असेल. इंग्लंडात नंबर विकत देणारं तेच सरकार त्या नंबरातली अक्षरं पुढेमागे सरकवून शब्द केला तर हजार पौंडांपर्यंत दंड करतं, याचं कारण वहिनींसारखी माणसं तिथेही रस्त्यावरून चालतात. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ॲल्युमिनियमची, अशोकचक्राच्या होलोग्रामची, न निघणाऱ्या कुलपाची पाटी कंपनीकडूनच येते. जुन्या गाड्यांसाठी कर्नाटकात मुदतीवर मुदत वाढत गेली आणि अजूनही काहीजण ती पाटी कपाटात ठेवून रेडियमची मिरवतात. ती बाहेर काढून लावा, एवढं मी हात जोडून सांगतो.

आता माझ्या भेटीबद्दल. भाच्याने मोटरसायकल घेतली तेव्हा म्हणाला, "मामा, बाकी काही नको, नंबर तेवढा तुम्ही द्या. १७०१." माझे वडील, म्हणजे त्याचे आजोबा, १७ जानेवारी १९५६ ला बेळगावच्या रस्त्यावर होते. त्या दिवशी सीमाप्रश्नाच्या आंदोलनावर गोळीबार झाला. त्यांच्या वर्गातला मुलगा त्यांच्यापासून चार हातांवर पडला आणि ते पळाले. या पळण्याबद्दल ते कधी फार बोलले नाहीत, पण हयात होते तोवर दर १७ जानेवारीला हुतात्मा चौकात सकाळी उभे असायचे. भाचा लहानपणी त्यांच्या बोटाला धरून जायचा. आम्ही रीतसर अर्ज केला, फी भरली. दुसरं कोणी तो नंबर मागायला आलंच नाही. १७०१ ची बेरीजही नऊ येते, हे एजंटाने आम्हाला सांगितलं तेव्हा कळलं. त्या अंकासाठी बेळगावात आणखी कोणाला पैसे मोजावेसे वाटू नयेत याचं क्षणभर वाईट वाटलं. मग बरंही वाटलं.

भाच्याला मात्र तो देवनागरीत हवा होता, भगव्या पट्टीवर. मी नाही म्हटलं. "मामा, मग कळणार कुणाला ते?" त्याचा आवाज चढला होता. मी म्हटलं, तुला कळतं, तुझ्या आईला कळतं, मला कळतं. आजोबांनी तरी कुणाला सांगितलं होतं? तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कंपनीची पाटी बसवूनच आला.

यंदा खंडेनवमीला अंगणात गाडी धुऊन उभी केली होती. आक्का, म्हणजे भाच्याची आई, हळदकुंकू घेऊन आली, सवयीने तिचा हात पाटीकडे गेला आणि थांबला. कुंकू तिने हेडलाइटवर लावलं, हँडलला झेंडूचा हार घातला. मग पदराच्या टोकाने पाटी पुसली आणि पाटीवरचे उठावाचे चार आकडे एकेक करून बोटाने चाचपले. शेजारची पोरगी नारळ घेऊन उभी होती, तिने विचारलं, "काकू, नंबर कसला ओ हा, लकी काय?" आक्का म्हणाली, "होय गं, आमच्या बाबांचा हाय."